पुसलेल्या काचा

सकाळी चष्म्याचं दुकान उघडलं आणि फोन सुरू झाले. माझं ईमेल अकाउंट कुणीतरी हॅक केलं होतं. ओळखीच्या झाडून सगळ्यांना एक लिंक गेली होती, ‘माझा फोटो बघा’.

“उघडू नका हो, माफ करा,” असं प्रत्येकाला सांगून माझा घसा सुकला. पासवर्ड बदलला, तरी मेल जातच होते.

माझ्या शाळेतल्या बाईंनी तो मेल उघडलाच होता. “फोटोत दुकानात फोनवर बोलतेयस बघ. किती वाळलीस गं!”

असा फोटो कुणी काढलाच नव्हता. दुकानात मी एकटीच असते.

मग धाकट्या भावाचा फोन आला. “ताई, गिऱ्हाइकांच्या काचा तोंडाची वाफ देऊन लख्ख पुसतेस आणि फोटोत तुझा चष्मा बघ. नुसते बोटांचे ठसे! स्वतःकडे बघ की जरा.”

“वेळ कुठाय रे,” मी म्हटलं. खरंच, सकाळपासून सगळं धूसरच दिसत होतं.

“थांब, अजून एक फोटो आला.”

“काय आहे त्यात?”

“तू डोळे मिटून बसलीयस.” त्याचा आवाज अगदी बारीक झाला. “चष्मा दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात आहे. ते हात काचा पुसतायत, ताई. किती सावकाश पुसतायत. कोण आहे तिथे?”

मी चाचपून पाहिलं. चष्मा नाकावरच होता. काचांवर एकही ठसा नव्हता, आणि बाहेरच्या बाजूने धरलेली वाफ अजून विरत होती.