शेवटचा सराव पाठ

तास संपायला सात मिनिटं होती. घड्याळबाईने निष्कर्षाचा गुंडाळफळा उघडायला दोरीकडे हात नेला. हे नाव तिला शिक्षक-प्रशिक्षणातल्या मैत्रिणींनी ठेवलेलं, कारण तिचा पाठ घंटेच्या मिनिटभर आधी संपतो म्हणजे संपतोच. हा तिचा शेवटचा सराव पाठ. पूर्ण झाला की प्रशिक्षण संपलं, संध्याकाळच्या गाडीने घरी.

निष्कर्ष तिने सकाळीच लिहून गुंडाळून ठेवला होता. सगळ्याच ठेवतात. ‘मोबाइल टॉवरमुळे डोकेदुखी होते.’ पाठाच्या टाचणावर तसंच होतं आणि त्याखाली मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षक मॅडमची सही होती. फळ्यावर पुरावाही मांडून झाला होता: टॉवरजवळ राहणारी मुलं बारा, त्यांत डोकं दुखणारी नऊ.

“बाई,” तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली, “लांब राहणाऱ्यांना तुम्ही विचारलंच नाही.”

टाचणात हा प्रश्न नव्हता. घड्याळबाईने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. मॅडम खाली मान घालून लिहीत होत्या. दुसरी कोणी असती तर ‘छान, बस खाली’ म्हणून वेळ मारून नेली असती. हिने दोरी सोडली.

“खरंच की. विचारूया.”

लांबची मुलं अठ्ठावीस. डोकं दुखणाऱ्यांचे हात तिने दोनदा मोजले. एकवीस.

“म्हणजे सारखंच झालं, दोन्हीकडे चारांतल्या तिघांचं दुखतं,” ती मुलगी म्हणाली.

“माझं तर फक्त गणिताच्या तासाला दुखतं,” मागून एक आवाज आला. वर्ग हसला.

“मग टॉवरचा काहीच दोष नाही का, बाई?”

“तेही एवढ्यावरून नाही सांगता येत. आणि मी लिहून आणलंय, तेही नाही.” तिने खडू उचलला. “अजून काय काय विचारायला हवं?”

मग मुलं सुटलीच. झोप किती होते, मोबाइल किती वेळ बघता, टॉवर यायच्या आधीही डोकं दुखायचं का. घंटा झाली तरी कोणी जागचं हलेना.

“बाई, आम्ही घरोघर विचारून आणतो. उद्या मोजूया?”

“उद्या मी नसणार रे,” घड्याळबाई म्हणाली.

मॅडम उठल्या. अकरा वर्षं त्या याच निष्कर्षावर सह्या करत होत्या, आणि लांबच्या घरांचं त्यांच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. आपली विद्यार्थिनी आपल्यापुढे गेली, याचा त्यांना अभिमान वाटत होता. त्यांनी निरीक्षणवही पुढे केली. त्यातला शेरा वाचून घड्याळबाईचा चेहरा पडला. ‘पाठ अपूर्ण.’

“मॅडम, म्हणजे मी...”

“अपूर्ण पाठ त्याच वर्गावर पुन्हा घ्यावा लागतो. नियम आहे,” मॅडम म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. “बाई परवा येतील. तोवर विचारून ठेवा. सुरुवात माझ्या घरापासून करा, मी टॉवरखालीच राहते.”