पांढऱ्या पट्ट्याचे टायर

"काकूंना टायरमधला फरक कळला, तर भर गल्लीत चारही टायर टूथब्रशने घासून देईन!" शेजारच्या टेलरने सगळ्यांसमोर पैज लावली आणि काका भडकले.

खरं तर जुन्या गाडीला ते स्वतःच साधे काळे टायर घालायला निघाले होते. तिच्या जमान्याचे, रुंद पांढऱ्या पट्ट्याचे टायर यायला सहा महिने लागणार होते. आणि ज्या बायकोने दर रविवारी टूथब्रशने घासून तो पट्टा लख्ख ठेवला, तिची दृष्टी जाऊन वर्ष झालं होतं. मग एवढा खटाटोप कोणासाठी? पण या टवाळाने आपल्या बायकोची चेष्टा करावी म्हणजे काय! काकांनी तिथल्या तिथे पट्ट्याच्या टायरची ऑर्डर दिली.

टायर बसले त्या दिवशी अख्खी गल्ली जमली. काकू चाचपडत गाडीपाशी आल्या, वाकल्या. पट्ट्याच्या कडेला बारीक उंचवटा असतो. त्यावरून त्यांचं बोट गोल फिरत गेलं आणि थबकलं.

"अहो, पांढऱ्या पट्ट्याचे मिळाले?" त्यांनी बोट पुन्हा एकदा पट्ट्यावरून फिरवलं. मग लगेच, "अगंबाई, केवढी ही धूळ!"

"हरलास! बस खाली!" गल्ली ओरडली. टेलरने हसत हसत रस्त्यातच मांडी घातली.

"ब्रश आणून देऊ का रे?" काकांनी तोऱ्यात विचारलं.

टेलरने खिशातून दोन कोरे ब्रश काढले आणि एक काकूंच्या हातात दिला. "पैज लावली त्याच दिवशी घेऊन ठेवलेत, काका."