सगळी अक्षरं एकसारखी

पानावर आकडे होते. एक, दोन, तीन. त्यांच्यापुढे काहीच नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पान खिडकीपाशी नेलं. आकडा दिसतो आणि अक्षर दिसत नाही, हा कुठला न्याय?

सकाळी हाताखालच्या इंजिनिअर बाईंनी साहेबांनी बनवलेल्या स्लाइड्स छापून दिल्या होत्या. त्यांत मथळे भोपळ्याएवढे आणि मुद्दे मुंग्यांएवढे. तेव्हा साहेबांनीच सांगितलं, नुसत्या मजकुराचा आराखडा काढा, सगळी अक्षरं एकसारखी, ठसठशीत. कारण दिलं सादरीकरणाच्या वेळी सभागृहात होणाऱ्या अंधाराचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. डोळ्यांचं कुणाला कळलं, तर पुलाच्या दुरुस्तीचं काम हातचं जाणार होतं. आणि जाणार होतं ते याच बाईंकडे. तो आराखडा आता साहेबांच्या हातात होता, आणि त्या टेबलासमोर उभ्या होत्या.

"बघितलंत ना, सर? हे असं आलंय."

"कसं म्हणजे? झकास आलंय." साहेबांनी पान उलटलं. पुढचंही तसंच. कालपर्यंत पेपरातले मथळे तरी लागत होते. "अक्षर बघा कसं एकसारखं. आंधळासुद्धा वाचेल."

बाई हसल्या. मग ते हसू मध्येच थांबलं.

"सर, पानं कोरी आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही स्लाइडवर सुट्या चौकटी ओढून सगळं त्यांत लिहिलंय. आराखड्यात स्लाइडचा आकडा आणि स्लाइडवरच्या ठरलेल्या जागेतलाच मजकूर छापला जातो. तेच सांगायला आले होते."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. डोळे गेले नव्हते, होते तेवढे होते. त्यांना हसूच आलं. मग आपण आत्ता काय बोलून बसलो ते आठवलं, आणि तोंडचं पाणी पळालं.

बाईंनी दार लोटून घेतलं. पानं गोळा केली.

"मजकूर जागेवर टाकून पुन्हा काढते. वेळ आहे अजून. अक्षर केवढं करू, सर?"

'नेहमीचंच' हा शब्द साहेबांच्या अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. हात पुढे करून अंगठा आणि बोट यांच्यामध्ये माप धरून दाखवलं. बाईंनी मान हलवली.

मग साहेबांनी बोटं आणखी थोडी फाकवली.