हणमंतरावांचं पथ्य

हृदयात स्टेंट बसवून हणमंतराव नांदेडहून मुदखेडला घरी आले, तेव्हा मीठ-तेल कमी करा म्हणून डॉक्टरांनी चांगलं बजावलं होतं. पण आठवडाही झाला नाही अन् त्यांनी ताट सरकवलं. "ये, ही भाजी हाय का बैलाचं आंबोण? असं जगण्यापरीस मेलेलं बरं!"

त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईनं विनवलं, रडून पाहिलं, लेकीकडून फोन करवले. काही म्हणता काही लागू पडेना. शेवटी माहूर गाठून तिनं रेणुकामाईपुढं पदर पसरला, "आई, यांच्यानं पथ्य व्हत न्हाई. यांच्या वाटचं मी पाळते. पर माझं कुकू राख."

तेव्हापासून ती अळणी भाजी अन् कोरडी भाकर खाऊ लागली. हणमंतराव तिच्याकडं मायेनं बघत अन् तिनंच तळलेल्या मिरचीच्या भज्यांवर निर्धास्त हात मारत. देवीपुढं बोलून झालं होतं, आता भ्यायचं कशाला?

वर्षाच्या आत त्यांच्या छातीत पुन्हा कळ आली. नवा रिपोर्ट पाहून डॉक्टर वैतागले, "पथ्य पाळलं नाही ना?"

"पाळलं की, साहेब!" हणमंतराव अभिमानानं म्हणाले. "हिनं मिठाचा खडा जिभेवर ठेवला न्हाई."

डॉक्टर बायपासचं बोलू लागले, तशी कस्तुराबाईनं खुर्चीतच हात जोडून डोळे मिटले.



"आई, आता काय सोडू?"