नावाची चिठ्ठी

साताऱ्यातल्या चित्रकार मित्रांनी समुद्राच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाला गोरा साहेब येणार म्हणून त्यांनी एका चित्राखालची नावाची चिठ्ठी काढली. चित्र साळूबाईनं आष्ट्याहून घोंगडीत गुंडाळून आणलं होतं. तिचा लेक त्यांच्यातलाच. बेचाळीसच्या चळवळीत पकडला गेला. कोकणातल्या समुद्राकाठच्या तुरुंगात कोळशानं रेखाटून त्यानं ते सुटणाऱ्या सोबत्याबरोबर धाडलं. "नाव तरी ऱ्हाऊ द्या रं," ती म्हणाली. "मावशी, साहेब प्रदर्शनच बंद करील," चित्रकारांपैकी गोपाळकृष्ण म्हणाला. तिनं चिठ्ठी मुठीत धरली. साहेब त्याच चित्रापाशी थबकला. "लाट जिवंत आहे. कोणी काढली?" गोपाळकृष्ण पुढं झाला. "मीच, साहेब. दोन महिने किनाऱ्यावर बसून." साळूबाईनं चिठ्ठी परत चित्राखाली टोचली. "दोन न्हवं, सायेब. माझ्या पोराला चौदा म्हयनं झालं. आन् खोलीला खिडकी न्हाई, निस्ता आवाज येतो."