मोडली तेवढीच

"मोठी मोडली, मोठीच मिळंल," शिवशंकर म्हणाला.

"लहान पाहिजे," रत्नपाल म्हणाला.

काउंटरवर दोन इलेक्ट्रिक गिटारी आडव्या ठेवल्या होत्या. दोन्ही लालसर, दोन्हींच्या अंगावर सारख्याच लांबट फटी. फक्त एकीचं अंग पसरट, दुसरीचं आवरलेलं. हिंगोलीतल्या या माडीवरच्या दुकानात एरवी ढोलकी नाहीतर हार्मोनियम खपायचं. या दोन दुकानदार प्रेमसिंगनं मुद्दाम मागवल्या होत्या आणि त्यातली एक तरी आज जावी, एवढीच त्याची इच्छा होती. गिऱ्हाइकं मात्र एकमेकांच्या उरावर बसायच्या तयारीनं आली होती.

"दोन्हीची किंमत सारखीच ना?" शिवशंकरनं विचारलं.

"बराबर सारखी. दोन्ही अर्ध्या पोकळ. मधोमध लाकडाचा ठोकळा, बाजूंनी रिकाम्या."

"अर्धी पोकळ अन् किंमत पुरी," शिवशंकर गुरगुरला.

हिंगोलीजवळच्या गोरेगावात त्याचं घर आणि समाजमंदिर यांच्यात एकच गल्ली. समाजमंदिरात रत्नपालची भीमगीतांची पार्टी सराव करायची. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी शिवशंकरचं डोकं फिरलं. पोरगी कॉलेजातून सुट्टीला आलेली, तिची परीक्षा तोंडावर, आणि यांचं ढणढण संपता संपेना. तो तरातरा गेला. पार्टी नुकतीच चहाला बाहेर पडली होती. भिंतीला गिटार टेकवलेली दिसली. त्यानं ती उचलली आणि ओट्याच्या कडेवर आपटली. त्या क्षणी त्याला फार बरं वाटलं होतं.

ते बरं वाटणं चांगलंच अंगाशी आलं. तंटामुक्ती समितीसमोर ठरलं, की मोडली तशीच नवी घेऊन द्यायची. मग रत्नपाल पोलिसांत जाणार नाही. अ‍ॅट्रॉसिटीच्या नुसत्या नावानं शिवशंकरची झोप उडाली होती. म्हणून तर आज तो आला होता. पण लहान दिली आणि उद्या हा माणूस उलटला, ठरलं ते दिलंच नाही म्हणाला, तर? हा लहानचा हट्ट म्हणजे सापळा आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

"काहून लहान? सांग ना."

"आमाला पाहिजे म्हून."

"रत्न्या, माझ्यासंगं हुशारी करू नको."

"रत्नपाल म्हना. तुमाला कोनी शिवऱ्या म्हनतं का?"

प्रेमसिंग घाईघाईनं मध्ये पडला. "मोठीचा आवाज भरदार आहे, साहेब. पण डीजेच्या बॉक्सजवळ उभं राहिलं की शिट्टी मारते. लहान जरा कमी."

"शिट्टी मारू दे न्हाईतर बोंब मारू दे. मला काय तिच्यावर नाचायचंय?"

रत्नपालनं लहान गिटार उचलली, हातावर तोलली, पट्टा ओढून बघितला आणि परत ठेवली. तारेला बोटही लावलं नाही. एवढा वेळ कौतुकानं बघायचं आणि वाजवायचं मात्र नाही! आपल्याला ताटकळत ठेवायचा हा डाव आहे, असं शिवशंकरनं ठरवून टाकलं. त्याला या माणसाचा मनस्वी राग आला.

"तुमच्या त्या किरकिरीनं लेकराला तकलीफ झाली," तो म्हणाला. "त्या दिवशी घरी गेलो तं माझी पुनम डोकं धरून रडून राहिली व्हती. दोन दिवस धड जेवली न्हाई. कोनामुळं?"

रत्नपालनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुमीच सांगा कोनामुळं."

मग त्यानं खिशातून फोन काढला, खिडकीशी जाऊन खाली रस्त्यावर पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "वर ये."

"पोरं बोलवून राहिला का?" शिवशंकरचा आवाज चढला. "बोलव! मी काय भेतो का तुला?"

तो भ्यायला होता. परक्या दुकानात, माडीवर, एकटा. त्यानं नकळत जिन्याकडे पाठ होणार नाही अशी जागा धरली. मोठी गिटारही त्यानं स्वतःकडे ओढून घेतली.

प्रेमसिंगला आता फक्त सौदा उरकायचा होता. "भाऊ, जी घ्यायची ती एकदा वाजवून बघा. नेल्यावर परत घेणार नाही."

"मला न्हाई येत," रत्नपाल म्हणाला. "मी ढोलकीवाला."

शिवशंकर त्याच्याकडे बघतच राहिला. "मंग ती मोडली ती कोनाची व्हती?"

जिन्यावर पावलं वाजली. पोरं असती तर धाडधाड आली असती. ही हळू येत होती. शिवशंकरनं बाह्या सावरल्या आणि मुठी आवळल्या.

दारात पुनम उभी होती.

शिवशंकरला वाटलं, कुणीतरी तिला फसवून इथं आणलं. तो तिच्याकडे धावणार, तोच ती त्याच्या बाजूनं पुढं गेली. तिनं लहान गिटार घेतली, पट्टा खांद्यावर टाकला, प्रेमसिंगनं पुढं केलेली स्पीकरची वायर जोडली, कान लावून एकेक तार जुळवली. तिची बोटं वरखाली सरसर फिरली आणि दुकान त्या सुरानं भरून गेलं. मग हातानं तारा थांबवून तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"मोठी मला जड व्हायची, बाबा."