सिस्टरबाईंची चापट

आईच्या अस्थींचा कलश मांडीवर घेऊन अनघा संगमाकडे निघाली होती. नाक्यावर पोलिसांनी जीप अडवली, पण आईचं नाव ऐकताच हवालदारानं टोपी काढली. "आमची पोरगी जन्मली तेव्हा रडेना. सिस्टरबाईंनी चापट मारली, मग घर डोक्यावर घेतलं तिनं!"

पुढे जंगलात रस्त्यावर झाड आडवं पाडलेलं होतं. बंदूकवाली मुलगी समोर आली. "परत फिर. कलशात काय आहे?"

"इथल्या सिस्टरबाई. माझी आई."

मुलीनं बंदूक पाठीवर टाकली. "माझ्या जन्मालाही त्याच होत्या. चापट खाल्ल्यावरच रडले म्हणे."

"मला तिनं कधीच मारलं नाही," अनघा पुटपुटली.

"म्हणूनच आवाज एवढा बारीक!"

अनघाला हसू फुटलं. पाठोपाठ आई गेल्यापासून अडलेलं रडूही, मोठ्यानं.

"आता बरं," मुलगी म्हणाली आणि झाड ओढायला वाकली.